आत्याची साक्ष

"असं समज की तू वकील आहेस. आणि विचार मला," आत्या म्हणाली.

ती स्वयंपाकघरात खलबत्त्यात दाण्याची चटणी कुटत बसली होती. अकराला कोर्टात हजर व्हायचं होतं आणि मला सकाळपासून पाणीसुद्धा गोड लागत नव्हतं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले.

"दिगंबर पोरे तुमचा कोण?"

"मुलगा. एकुलता एक."

"घरातून कधी गेला?"

"सात वर्षं होऊन गेली. संक्रांतीनंतर गेला."

"कुठं जातो म्हणाला?"

"कुर्डुवाडीला कामाचं बघून येतो म्हणाला. संध्याकाळच्या गाडीनं परत येतो म्हणाला."

"आला?"

"नाही आला."

"त्यानंतर काही निरोप? कुणाला दिसला, कुणाकडं उतरला, असं काही कानावर?"

"काही नाही, साहेब. सात वर्षांत काही खबर नाही." एवढं बोलून तिनं बत्ता थांबवला आणि माझ्याकडं पाहिलं. "बरोबर?"

"बरोबर."

"मग झालं तर. आता दोन घास खाऊन घे. उपाशीपोटी तुला चक्कर येते."

आत्या म्हणजे माझ्या वडलांची सख्खी बहीण, आणि माझी सासू. आमच्यात मामाची मुलगी करून घेतात. माझी आई मी लहान असतानाच गेली, वडलांनी दुसरं घर केलं, आणि मी लग्नाच्या वयाला आल्याबरोबर आत्या मला सून करून बार्शीला घेऊन आली. सासूपणा तिनं कधी केला नाही. शिवणाचं मशीन चालवायला तिनंच शिकवलं, आजारपणात उशाशी बसून रात्री तिनंच काढल्या. तिचं आणि माझं जेवढं बोलणं व्हायचं, तेवढं दिगंबरचं आणि माझं कधी झालं नाही.

दिगंबर वाईट नव्हता. मिलमधलं काम सुटल्यापासून गप्प झाला होता, एवढंच. घरात दोन मशिनं चालायची, पण बायकांच्या झंपरांवर बसायला त्याला लाज वाटायची. त्या दिवशी त्यानं चहा घेतला, चप्पल घातली, आणि गेला. आमचं भांडण झालेलं नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं, असं पुढं मला कितीदा वाटलं. भांडून गेलेल्या माणसाच्या जाण्याला निदान कारण असतं. हा नुसताच गेला.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं आम्ही दोघी त्याला शोधत फिरलो. कुठं बेवारस माणूस सापडला, की पोलीस चौकीतून बोलावणं यायचं. सोलापूरला गेलो, दौंडला गेलो, मिरजेला गेलो. दवाखान्याच्या मागच्या त्या खोलीत आत्या मला कधी येऊ द्यायची नाही. "तू बाहेर थांब. मी बघून येते," म्हणायची. बाहेर आली की लांबूनच हात हलवायची. आपला नाही. मग तिला एकदम भूक लागायची. स्टेशनवर गरम भजी घ्यायची, मलाही बळंच खाऊ घालायची. सोलापूरला एकदा खाता खाता थांबली आणि म्हणाली, "कुणाचं तरी पोर तिथं आत पडलंय, कौसे, आणि मी भजी खातेय." पण तिनं पुडा संपवला.

नंतर बोलावणी यायची बंद झाली. मी घरात होते तशीच राहिले. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि नवरा नाही. हळदीकुंकवाला मला बोलवायचं की नाही, हे गल्लीतल्या बायकांना कळायचं नाही. बोलावलं तर आधी कुणाला कुंकू लावायचं, याचा घोळ व्हायचा. शेवटी मीच जायची सोडून दिली. त्यांचीही सुटका झाली आणि माझीही.

अनंतराव माळवदेंचं नाव घरात पहिल्यांदा काढलं ते आत्यानंच.

पेठेत त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. आमच्याच जातीतले, बायको क्षयानं गेलेली, मूलबाळ नाही. खिडक्यांना पडदे शिवून हवे होते म्हणून ते एकदा आमच्याकडं आले आणि माप सांगता सांगता तासभर बसले. ते गेल्यावर आत्या मशिनवरून न उठताच म्हणाली, "माणूस चांगला आहे."

"असेल."

"असेल काय? मी उद्या मेले तर तू या दोन खोल्यांत कुणाशी बोलणार आहेस? भिंतीशी?"

"आत्या, काहीतरी बोलू नकोस."

"काहीतरी नाही. मी विचार करून बोलतेय. तू माझ्या भावाची पोर आहेस. मी तुला इथं आणली. तुझं असं झालं, ते माझ्या घरात झालं." मग ती थोडी थांबली. "दिगू यायचा असता तर आला असता."

हे वाक्य तिनं पहिल्यांदाच उच्चारलं होतं. मी तिच्याकडं पाहिलं, तर ती सुईत दोरा ओवत होती, आणि दोरा पहिल्याच खेपेला आत गेला.

पुढचं सगळं तिनंच केलं. सुराणा वकिलांकडं मला तीच घेऊन गेली. वकिलांनी समजावून सांगितलं. सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही, ज्यांना त्याची खबर असायला पाहिजे अशा माणसांनाही जर ती नाही, तर बायकोला कोर्टातून मोकळं होता येतं. "बायकोचं कोर्ट ऐकेलच," ते म्हणाले, "पण आई उभी राहिली तर प्रश्नच मिटला. आईला खबर नाही तर कुणाला असणार? आजी, याल ना?"

"न यायला काय झालं?" आत्या म्हणाली. "माझीच पोर आहे ही."

अर्ज केल्यापासून तारखेची वाट बघण्यात वर्ष गेलं. त्या वर्षाबद्दल मी कधी कुणाशी बोलले नाही, पण माझ्या आयुष्यात तेवढंच एक वर्ष होतं असं म्हटलं तरी चालेल. अनंतराव रविवारी सकाळी यायचे. ओट्यावर बसून चहा घ्यायचे, आत्याशी जास्त आणि माझ्याशी कमी बोलायचे. बोलताना त्यांची बोटं गुडघ्यावर आपोआप टाइप करत असायची. मी एकदा विचारलं, "आत्ता काय टाइप केलंत?" तर कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, "तुमचंच नाव." मी पळत आत गेले. आत्या आतल्या खोलीत तोंडाला पदर लावून हसत होती. त्यानंतर मशिनवर बसले की मला आपोआप गुणगुणायला यायचं. इतक्या वर्षांत मला वाटलंही नव्हतं की माझा गळा अजून शाबूत आहे.

तर, त्या दिवशी आम्ही कोर्टात गेलो. अनंतराव आधीच येऊन मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. आमचं नाव पुकारायला दुपार झाली.

आधी माझी साक्ष झाली. विचारलं तेवढं मी सांगितलं. कुठं अडखळले नाही. मग आत्याला बोलावलं. शपथ घेऊन ती पिंजऱ्यात उभी राहिली. पिंजऱ्याचं लाकूड तिच्या छातीपर्यंत येत होतं.

वकिलांनी विचारलं, तिनं सांगितलं. मुलगा. एकुलता एक. संक्रांतीनंतर गेला. कुर्डुवाडीला. सकाळी चटणी कुटताना सांगितलं होतं तसंच, त्याच आवाजात. "आणि त्यानंतर काही खबर?" वकिलांनी विचारलं.

"काही नाही, साहेब. काही खबर नाही."

झालं होतं. वकील खाली बसायला वळलेसुद्धा. आणि तेवढ्यात न्यायाधीशांनी मान वर केली. वयस्कर, सज्जन माणूस होता. म्हातारीला नीट कळलंय की नाही, याची खात्री करून घ्यावी एवढाच त्यांचा हेतू असणार. अगदी मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "आजी, म्हणजे तुमचा मुलगा आता हयात नाही, असंच धरून चालायचं ना?"

आत्या त्यांच्याकडं बघत राहिली.

"आजी?"

"कोण म्हणतं?" आत्या म्हणाली.

"तुम्ही म्हणालात ना, काही खबर नाही."

"आलाय की तो."

पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. पुढचा थोडा वेळ मला सलग आठवत नाही. मला पुन्हा ऐकू यायला लागलं तेव्हा न्यायाधीश विचारत होते, "कधी आला होता?" आणि आत्या सांगत होती, "दिवाळीच्या आधी. मागल्या दारानं आला. ही कापड आणायला बाजारात गेली होती. वांग्याची भाजी होती. दोन भाकरी खाल्ल्या. वाळलाय, पण बरा आहे. बायकोला सांगू नको म्हणाला, म्हणून सांगितलं नाही मी." ती न थांबता बोलत होती. तिच्या डोळ्यांसमोर तो जेवताना दिसत असावा, इतकी सावकाश, एकेक गोष्ट.

सुराणा वकील माझ्याजवळ येऊन वाकले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"खोटं बोलतायत ना त्या?"

"हो."

"मग ऐका. मी आत्ता यांची उलटतपासणी घ्यायची परवानगी मागतो. मुलगा गेल्यापासून यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, यांना भास होतात, असं पुढं आणतो. दहा मिनिटांत ढासळतील त्या. नंतर तुम्हाला पुन्हा उभं करीन, तेव्हा तुम्ही तेच सांगायचं. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी आत्याकडं पाहिलं. तिनं दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला होता आणि ती माझ्याचकडं बघत होती. मला तिचा इतका राग आला होता की तिला त्या पिंजऱ्यातून ओढून काढावं. आणि त्याच वेळी असं वाटत होतं की पुढं होऊन तिला कुणीतरी खाली बसवावं, पाणी द्यावं, तिचे गुडघे दुखत असतील. दोन्ही एकदम. हो म्हणायला मी तोंड उघडलं होतं. मला पक्कं आठवतं, शब्द ओठावर होता.

"नको," मी म्हणाले.

"अहो, पुन्हा पहिल्यापासून सात वर्षं मोजावी लागतील."

"नको."

वकिलांनी फाईल बंद केली. मी मागं वळून पाहिलं तर मागचा बाक रिकामा होता.

घरी आम्ही दोघी चालत आलो. मी पुढं, आत्या मागं. घरात आल्यावर ती जमिनीवर बसली आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली.

"मी बोलणार होते गं. तू सकाळी विचारलंस तेव्हा नाही का बोलले? खबर नाही, खबर नाही, हजारदा बोलीन मी. पण तो म्हणाला, हयात नाही ना? ते कसं यायचं गं माझ्या तोंडून? सांग तू. कसं यायचं?"

मी तिचा हात धरायला गेले नाही. मी मशिनजवळ गेले. एका लग्नघरातलं ब्लाउजचं कापड आलेलं होतं, मोरपंखी रेशमी, दुसऱ्या दिवशी द्यायचं कबूल केलेलं. मी कात्री घेतली आणि ते कापड उभं कापलं. मग पुन्हा उभं. मग त्या पट्ट्या आडव्या. रेशीम कापताना जो आवाज होतो तो मला थांबू देत नव्हता. कापायचं काही उरलं नाही तेव्हा कात्री खाली ठेवली. आत्या रडायची थांबली होती. ती गुडघ्यांवर सरकत आली आणि जमिनीवरचे ते तुकडे एकेक करून पदरात गोळा करायला लागली, जोडून काही होईल अशा बेतानं.

अनंतराव त्या रविवारी आले नाहीत. पुढच्याही नाही. मग मीच इन्स्टिट्यूटमध्ये गेले. दुपारची वेळ होती. मुलांची बॅच सुटत होती, शेवटची दोन-तीन मशिनं खडखडत होती. मला बघून त्यांनी खुर्ची पुढं केली आणि मुलं जाईपर्यंत पुस्तकं आवरत राहिले.

"वकील म्हणतात, मार्ग आहे," मी म्हणाले. "आत्याला पुन्हा न नेता. वेगळे साक्षीदार काढायचे. वेळ लागेल."

"आत्याबाई कशा आहेत?"

"जेवत नाहीत."

"त्यांना म्हणावं, माझा राग नाही. आई आहेत त्या. मला त्यांचं समजतं."

"मग तुम्ही का आला नाहीत?"

त्यांची बोटं टेबलावर होती, पण हलत नव्हती.

"कौसल्याबाई, आत्याबाई म्हणाल्या ना, 'आलाय की तो', तेव्हा तुम्ही काय केलंत, आठवतं तुम्हाला?"

"काय केलं?"

"खरंच आठवत नाही?"

"नाही."

"तुम्ही उठून उभ्या राहिलात. आणि दाराकडं पाहिलंत."

मी म्हणाले, "घाबरले असेन. एकदम कुणी असं म्हटल्यावर..."

"मीही आधी तसंच समजलो." ते माझ्याकडं न बघता बोलत होते, हळू, मला लागू नये अशा बेतानं. "पण तुम्ही पदर सारखा केलात. केसांवरून हात फिरवलात. मग बघितलंत. घाबरलेलं माणूस केस नीट करत नाही हो."

ते खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. मी त्या क्षणात शिरून बघायचा प्रयत्न केला, तेव्हाही आणि नंतर कितीतरी वर्षं. तिथं मला काहीच सापडत नाही. नुसती पंख्याची घरघर.

"मी तुमच्यासाठी आणखी सात वर्षं थांबलो असतो," अनंतराव म्हणाले. "ते काही कठीण नव्हतं. पण मी आल्यावर तुम्ही कधी तशा उभ्या राहिला नाहीत."

"मला तुम्ही हवे आहात," मी म्हणाले. हे मी आयुष्यात दुसऱ्या कुणाला म्हटलेलं नाही.

"माहीत आहे," ते म्हणाले. "तेही खरं आहे. दोन्ही खरं आहे, म्हणून तर."

मी उठले. जिन्यापर्यंत ते पोचवायला आले. दीड-दोन वर्षांनी त्यांनी लातूरकडची एक मुलगी केली. रस्त्यात दिसले की मान लववायचे. मीही लववायची.

वकिलांकडं मी परत गेले नाही. आत्या हळूहळू जेवायला लागली. आम्ही दोघी पूर्वीसारख्याच मशिनवर बसायला लागलो. तिनं ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही आणि मीही नाही. मी तिला माफ केलं असं म्हणता येणार नाही. माफ करायला आधी दोष कुणाचा ते नक्की व्हायला लागतं. कधी कधी भाकऱ्या करताना ती एखादी जास्तीची करायची. मी बघायची आणि फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी आम्ही ती कुस्करून खायचो.

गेल्या चैत्रात ती गेली. आजारी अशी नव्हती. सकाळी उठलीच नाही. गल्लीतली माणसं जमली, माझा चुलतभाऊ गावाहून आला, तयारी झाली. अंगणात तिला बाहेर काढून ठेवलं होतं. ऊन चढत चाललं होतं. गुरुजी नवीन होते, तरुण, त्यांना आमच्या घरचं काही माहीत नव्हतं. सामान मांडता मांडता त्यांनी सहज विचारलं, "मुलगा आहे ना यांना?"

सगळी गल्ली माझ्याकडं बघायला लागली. चुलतभाऊ पुढं होऊन काहीतरी बोलणार होता. मी त्याला हातानं थांबवलं.

"आहे," मी म्हणाले.

"कुठं आहेत?"

"बाहेरगावी."

गुरुजींनी एकदा आत्याकडं पाहिलं, एकदा वर उन्हाकडं. "मग कसं करायचं? कळवलंय का त्यांना? थांबायचं का?"

नको म्हणायचं, हे मला कळत होतं. मोठी झालेली बाई होते मी. केस पिकले होते माझे. सगळे वाट बघत होते, मी मान हलवायची खोटी होती.

"थोडा वेळ थांबू या," मी म्हणाले.

आणि भर उन्हात ती सगळी माणसं थांबली.